गिटारचा सूर ट्यूनर घसरल्यामुळे उतरत नाही

"स्वस्त इलेक्ट्रिक गिटारचे ट्यूनर (तारा ताणणाऱ्या खुंट्या) घसरतात म्हणून सूर उतरतो, हेडस्टॉकची (खुंट्या बसतात त्या टोकाची) भोके ड्रिलने मोठी करून लॉकिंग (तार आवळून धरणारे) ट्यूनर बसवा, सूर कधीच उतरणार नाही, सस्टेनही (सुराचा टिकाव) दुप्पट होईल, तोवर रोज रात्री तारा सैल करून ठेवा," असा मजकूर बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वादकांत सध्या फिरत आहे. तो वाचून खानापूरच्या माझ्या भाच्याने गिटार थेट सुताराकडे नेण्याची तयारी केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

ट्यूनर घसरतो ही समजूत बहुधा तंबोऱ्यावरून आली असावी. मिरजेच्या तंबोऱ्याची लाकडी खुंटी निव्वळ घर्षणावर टिकते आणि घसरू लागली की तिला खडू लावावा लागतो. गिटारच्या ट्यूनरमध्ये मात्र आट्यांचा दांडा दातेरी चाकाला फिरवतो, पण चाक त्या दांड्याला उलटे फिरवू शकत नाही. त्यामुळे गिअर झिजलेला नसेल, तर तारेच्या ओढीने तो सुटत नाही. सूर उतरतो तो बहुतेक वेळा नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत तार अडकल्यामुळे, नाही तर नवी तार नीट न ताणल्यामुळे किंवा खुंटीवर विस्कळीत गुंडाळल्यामुळे. बेंड केल्यावर (तार बोटाने आडवी ओढल्यावर) उतरलेली तार नट आणि ट्यूनर यांच्यामध्ये बोटाने दाबून सोडावी. सूर पुन्हा जागेवर आला, तर दोष खाचेचा आहे. खाचेत पेन्सिलीचे शिसे घासल्यानेही पुष्कळदा फरक पडतो.

ड्रिलचा सल्ला मात्र निव्वळ घातक आहे. जुन्या धाटणीच्या ट्यूनरचे भोक साधारण पावणेनऊ मिलिमीटरचे, तर नव्या धाटणीचे दहाचे असते, आणि हाताने धरलेले ड्रिल तयार भोकात शिरले की ते कडेला अडकून पॉलिश उडवते, भोक तिरके करते, प्रसंगी लाकूडही चिरते. तारा बनवणाऱ्या डॅडारिओ कंपनीने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यानुसार दहा-शेहेचाळीसच्या (सर्वांत बारीक व सर्वांत जाड तारेच्या जाडीवरून ओळखल्या जाणाऱ्या) नेहमीच्या संचातील सहा तारांचा एकूण ताण सुमारे 47 किलो आणि एकट्या ए तारेचा जवळजवळ 9 किलो भरतो. हा भार चिरलेल्या हेडस्टॉकवर टाकायचा का? जुन्याच भोकात बसणारे लॉकिंग ट्यूनर बाजारात मिळत असताना लाकडाला हात लावण्याचे कारणच काय?

नेकमधला (मानेतला) ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी सळई, याच 47 किलोंच्या विरुद्ध जुळवलेला असतो. रोज रात्री तारा सैल केल्या, तर हा तोल रोज बिघडतो आणि सकाळी गिटार नव्याने सुरात लावावी लागते. बेळगावच्या पावसाळ्यात दमट हवेने नेक आधीच हलत असताना तर हा उद्योग मुळीच करू नये. सस्टेन दुप्पट होण्याला कसलाही आधार नाही.

एवढे मान्य करावे लागेल की अगदी स्वस्त ट्यूनरच्या गिअरमध्ये ढिलेपणा असतो, त्यामुळे सूर नेमका लावणे जिकिरीचे होते, आणि अशा वेळी ते बदलणे योग्यच आहे. परंतु आधी वरची षट्कोनी चकती पान्याने आवळून पाहावी, कारण कित्येकदा तीच सैल झालेली असते. ट्रेमोलो (तारा सैल-ताठ करून सूर हलवणारा दांडा) फार वापरणाऱ्याला लॉकिंग ट्यूनरचा उपयोगही होतो, कारण खुंटीवर तारेचे वेढे कमी बसतात. मात्र 1979 मध्ये पेटंट मिळालेल्या फ्लॉइड रोज या ट्रेमोलोच्या पद्धतीत तारा नटपाशीच आवळल्या जातात, त्यामुळे अशा गिटारवर सूर टिकवण्यासाठी लॉकिंग ट्यूनर घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.