साठ घटकांतल्या सहा

यंदा आषाढी एकादशीला मी चातुर्मासाचा नेम धरला. कांदा, लसूण आणि वांगी सोडण्याचे नेम ती न आवडणाऱ्यांनी आधीच पटकावले असल्यामुळे मला निराळा विचार करणे भाग होते. ऑफिसातला एक ख्रिस्ती सहकारी पगाराचा दहावा हिस्सा चर्चला देतो. पगाराला हात लावण्याची माझी छाती नव्हती, पण दिवसाचा दहावा हिस्सा देवाला द्यायला काय हरकत आहे, असे वाटले. दिवसाच्या घटका साठ, म्हणजे देवाच्या वाट्याला सहा. ऐकायला अगदीच किरकोळ. घटका २४ मिनिटांची असते आणि सहा घटका म्हणजे २ तास २४ मिनिटे, हे मुलाने दाखवून दिले तेव्हा संकल्पाचे उदक सोडून झाले होते.

पहिल्या दिवशी पहाटे गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या पिशवीत, हात घालून, तर्जनी नियमाप्रमाणे बाहेर ठेवून बसलो. एकविसाव्या मण्याला स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, बसलाच आहात तर कुकरच्या शिट्ट्याही मोजा. चार झाल्या की गॅस बंद करा, मी पाणी आलंय का बघते.” यातले ‘बसलाच आहात’ हे शब्द मला फार लागले, कारण वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला आमच्या घरात कोणी काम सांगत नाही. तरीही मी दोन्ही हिशेब मनात ठेवले. बत्तिसाव्या मण्याला पहिली शिट्टी झाली, पंचावन्नाव्याला दुसरी. त्यानंतर कुकर नुसताच फुसफुसला, आणि ती शिट्टी धरावी की सोडावी या विचारात अंगठा दोन मणी पुढे गेला की मागे आला, ते कळेना. १०८ मणी संपून मेरुमणी हाताला लागला तेव्हा मी ‘राम’ऐवजी ‘तीन’ म्हणत होतो. डाळ अर्थातच तळाला लागली होती.

मग लोकलमधला वेळ देवाच्या खाती टाकायचे ठरवले. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला सुमारे तासाभरात आली. स्लो लोकल आजही जवळजवळ तेवढाच वेळ घेते, म्हणजे जाऊन येऊन पाच घटका एका फटक्यात निघाल्या. परंतु गर्दीच्या डब्यात एक हात पिशवीत लपवून, डोळे अर्धवट मिटून ओठ हलवणाऱ्या माणसाकडे लोक कसे पाहतात, हे अनुभवल्याशिवाय कळणार नाही. मुलुंड येईपर्यंत माझ्या आजूबाजूच्या चौघांनी आपापली पाकिटे चाचपली होती. घाटकोपरला मी माळ डब्याच्या पिशवीत ठेवून दिली.

अखेर शास्त्रच मदतीला धावले. कोपिनेश्वराच्या देवळात एका गुरुजींना मी सहज विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले, की पुरश्चरणात, म्हणजे मंत्राच्या ठरावीक संख्येच्या जपाच्या अनुष्ठानात, जपाच्या दशांश हवन, हवनाच्या दशांश तर्पण, तर्पणाच्या दशांश मार्जन, म्हणजे पाणी शिंपडणे, आणि मार्जनाच्या दशांश ब्राह्मणभोजन असते. हा हिशेब संख्येचा आहे, वेळेचा नव्हे, आणि मूळ जप पुरा करावाच लागतो, असेही ते बहुधा सांगत असावेत; पण मी तोपर्यंत मासुंदा तलावाच्या काठाने मनात भागाकार करीत निघालो होतो. १४४ मिनिटांचे हवन झाले चौदा मिनिटे, तर्पण जेमतेम दीड मिनिट आणि मार्जन साडेआठ सेकंद.

श्रावण लागेपर्यंत मी मार्जनापाशी येऊन ठेपलो. देव कार्तिकीपर्यंत निजलेला असल्यामुळे तोवर हिशेबतपासणीची भीती नाही. भोजनाच्या पायरीला मात्र मी दशांश लावलेला नाही. आता मी कामावर निघताना, पायात मोजे चढवून झाल्यावर, देव्हाऱ्यापुढे साडेआठ सेकंद हात जोडतो. आज त्यातले पाचवे सेकंद चालू असताना आतून आवाज आला, “अहो, उभेच आहात तर समईत तेल आहे का, तेवढं बघा.”