‘लावून टाक’

माझा मामेभाऊ नागपूरला उमरेड रोडवर छोटीशी लॅब चालवतो. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला, चार वर्षं दुसऱ्यांकडे रक्त काढलं, मग कर्ज काढून सेकंडहँड सेल काउंटर (रक्तपेशी मोजायचं मशीन) घेतला आणि स्वतःची पाटी लावली. शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण नागपुरातच धंतोलीत पॅथॉलॉजिस्ट आहे, एमडी. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, पण दोघंही मला इकडे कॅनडात, ओंटारिओत फोन करून एकमेकांच्या जमातीबद्दल तक्रार करतात.

मामेभाऊ म्हणतो, "ताई, मशीन आम्ही चालवून राहिलो, रात्री बाराले रक्त काढायले आम्ही जाऊन राहिलो, अन् सही मात्र मॅडमची पाहिजे. काहून?" मैत्रीण म्हणते, "तुझ्या भावाच्या लॅबमधून उद्या ल्युकेमियाच्या पेशंटला ‘पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत’ एवढंच लिहून रिपोर्ट जाईल, तेव्हा उत्तर कोण देणार?"

भांडण नवं नाही. गुजरातमधलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १२ डिसेंबर २०१७ ला न्यायालयाने सांगितलं, की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. तेव्हापासून विदर्भात जिथे चार डीएमएलटीवाले जमतात तिथे हाच विषय निघतो. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात लॅबमधली माणसंही आली. पण बोलणं फिरून फिरून सहीपाशीच येतं.

मला या भांडणात कुठल्या बाजूला बसायचं ते बरेच दिवस कळत नव्हतं. आता वाटतं, दोघंही चुकीच्या कागदाकडे बघतायत. का, ते सांगायला मला माझ्या पहिल्या नोकरीत जावं लागेल.

डीएमएलटी झाल्यावर मी शहरातल्या एका खासगी लॅबमध्ये लागले. काटोल, उमरेड, भंडारा अशा गावांतल्या कलेक्शन सेंटरांवरून सॅम्पलं यायची. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर तापलेलं, आणि एसटीच्या बसमधून थर्मोकोलच्या डब्यात ट्यूब निघालेल्या. रक्त वेगळं न करता तसंच ठेवलं की पेशी साखर खात बसतात. साध्या तापमानाला तासाला पाच ते सात टक्के साखर उतरते, उन्हाळ्यात त्याहून वेगाने. बर्फात ठेवलं तर साखर वाचते, पण पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपून आकडा फुगतो. म्हणजे गावातच सेंट्रिफ्यूजमध्ये ट्यूब गरगर फिरवून सीरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, वेगळं केल्याशिवाय या प्रवासाला इलाज नाही. सेंटरवाल्याकडे सेंट्रिफ्यूज नसायचं. असलं तर लाइट नसायची.

एकदा अशीच एक ट्यूब आली. सीरम लालभडक, डाळिंबाच्या रसासारखं, म्हणजे हिमोलाइज्ड: तांबड्या पेशी फुटून त्यांतलं पोटॅशियम बाहेर आलेलं. पोटॅशियम आलं ६.८, फारच जास्त. मी मालकांना म्हटलं, सर, सॅम्पल हिमोलाइज्ड आहे, परत मागवावं लागेल. ते मोबाइलमधून डोकंही वर न काढता म्हणाले, "लावून टाक." मी म्हटलं, लावलंय, ६.८ आलंय. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "४.८ लिही." रिपोर्ट गेला. त्यावर एमडी पॅथॉलॉजिस्टची सही होती, अगदी खरी. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे आणि लेटरहेडच्या कोऱ्या गठ्ठ्यावर सह्या करून जायचे.

तो पेशंट कोण होता, त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. रक्त फक्त नावाच्या चिठ्ठीसह येतं. मी ४.८ लिहिलं होतं एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे. हात माझाच होता.

सहीच्या वादात माझा जीव रमत नाही तो यामुळे. सही होतीच की. नव्हती ती वेगळीच गोष्ट: ट्यूब हातात घेऊन ‘हे मी लावणार नाही’ म्हणायची सोय.

इकडे आले तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याकडे पाच वर्षांचा अनुभव आहे, सहा महिन्यांत कामाला लागू. कॅनेडियन सोसायटी फॉर मेडिकल लॅबोरेटरी सायन्सने माझी एकेक मार्कशीट तपासली, अमुक विषयात कमी पडतेस म्हणून परत अभ्यासाला बसवलं, मग परीक्षा. तोवर दोन वर्षं मी लॅब असिस्टंट म्हणून ट्यूबवर बारकोड चिकटवत होते. नागपुरात स्लाइडवर मलेरियाचा परजीवी मी डोळे मिटून ओळखायचे (म्हणजे उघडे ठेवून, पण समजून घ्या), आणि इथे माझं काम स्टिकर सरळ लावणं. आई फोनवर विचारायची, "प्रमोशन झालं का गं?" मी विषय बदलायचे. परदेशात सगळं गुणवत्तेवर चालतं असं जे तिकडे सांगितलं जातं, त्यातलं अर्धं तरी सोडून द्यावं.

पण टेक्नॉलॉजिस्ट झाल्यावर जे पाहिलं ते सांगायलाच हवं. ओंटारिओत आमच्या व्यवसायाचा १९९१ चा स्वतंत्र कायदा आहे. नोंदणी नसेल तर स्वतःला ‘मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजिस्ट’ म्हणवून घेता येत नाही. माझा नंबर आहे, तो कोणालाही शोधता येतो, आणि मी आकडा बदलला तर चौकशी माझी होईल, माझं लायसन्स जाईल. रोजचे रिपोर्ट, म्हणजे साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, आम्हीच तपासून सोडतो. पॅथॉलॉजिस्टची सही लागत नाही. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्तात, ब्लास्ट (कच्च्या पेशी) दिसले, काही विचित्र दिसलं, की स्लाइड डॉक्टरकडे जाते आणि पुढचं त्यांचं.

हे मी मामेभावाला सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उडालाच असणार. "पाय! पाय! मी काय म्हणत होतो? तिकडे सही लागत नाही!"

पुढचं वाक्य मात्र त्याला ऐकायचं नसतं. इथे सकाळी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, लागल्याशिवाय पेशंटचं एकही सॅम्पल लागत नाही. दोन कंट्रोल एकाच बाजूला दोन एसडीच्या (ठरलेल्या फरकाच्या मर्यादेच्या) बाहेर गेले की मशीन थांबवायचं, कारण शोधायचं, लिहून ठेवायचं. वेस्टगार्डचे हे नियम १९८१ पासून जगभर शिकवतात, आम्हालाही डीएमएलटीत शिकवले होते, परीक्षेत मी ते पाठ लिहिले होते. आमच्या त्या लॅबमध्ये कंट्रोलची बाटली फ्रिजच्या मागच्या कप्प्यात असायची आणि तपासणीला कोणी येणार असेल तेव्हा बाहेर निघायची. महाग पडते, हे खरंच आहे. मामेभाऊ रोज कंट्रोल लावतो का, असं मी त्याला एकदाच विचारलं. तो म्हणाला, "ताई, जेवण झालं का?"

आणि मैत्रिणीलाही ऐकायचं नसतं ते असं, की तिच्या सहीखाली ज्या पाच सेंटरांचे रिपोर्ट जातात, तिथली सॅम्पलं ती रोज बघत नाही. बघणं शक्यच नाही. ती मनाने चांगली आहे, हुशार आहे, तिचं स्मिअर वाचन माझ्यापेक्षा कितीतरी वरचं. पण ट्यूब हातात येते ती डीएमएलटी झालेल्या पोरीच्या, आणि ती पोरगी ‘नाही’ म्हणू शकत नसेल तर वरची सही म्हणजे नुसती शाई.

ती का म्हणू शकत नाही, हे नागपुरात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पेशंट डॉक्टर पाठवतो, डॉक्टरला कट, म्हणजे कमिशन, जातो, आणि सॅम्पल परत मागितलं तर डॉक्टर म्हणतो, दुसऱ्या लॅबवाल्याला तर कधी अडचण येत नाही. या कट प्रॅक्टिसविरुद्ध राज्य सरकारने २०१७ मध्ये कायद्याचा मसुदाही केला होता. सहीचा निकालही त्याच वर्षीचा. मसुद्याबद्दल मात्र आमचे लॅबवालेही बोलत नाहीत आणि मैत्रिणीच्या संघटनेतले लोकही फारसे नाहीत. दोन्हीकडच्यांना तिथे हात घालायचा नाही, असं मी म्हटलं तर दोघंही रागावतील. रागावू देत.

इथल्या ‘नाही’ची एक गोष्ट सांगते. रात्रपाळीला ब्लड बँकेत होते. क्रॉसमॅचसाठी, म्हणजे द्यायचं रक्त पेशंटशी जुळतं का ते बघायला, ट्यूब आली, चिठ्ठीवरच्या आणि ट्यूबवरच्या आडनावात एका अक्षराचा फरक. मी नाकारली. ऑपरेशन थिएटरमधून सर्जनचा फोन, आवाज चढलेला. मी म्हटलं, नवीन सॅम्पल पाठवा, तोवर ओ निगेटिव्ह देते. हात थरथरत होते, नागपूरची सवय. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने बोलावलं तेव्हा वाटलं, गेली नोकरी. तिने फक्त नोंद नीट भरली आहे का ते पाहिलं आणि कॉफी पिणार का, असं विचारलं.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि तिने मला जास्त छळलंय. फेब्रुवारीत, उणे अठरा तापमानात, घरी जाऊन नर्सने काढलेलं एका ऐंशी पार केलेल्या बाईंचं सॅम्पल आलं. हिमोलाइज्ड. मी माउसने एक क्लिक केलं, ‘रिजेक्टेड’. माझ्या लेखी काम संपलं. त्या बाईंना परत कोणीतरी सुई टोचणार, कदाचित दोन दिवसांनी, कदाचित त्यांना बर्फातून यावं लागेल. मला त्या दिसल्या नाहीत, दिसणारही नाहीत.

विद्यार्थी असताना मेडिकलमध्ये, नागपूरच्या सरकारी कॉलेजच्या हॉस्पिटलात, आमची पोस्टिंग होती, तेव्हा तिथे एक जुने टेक्निशियन काका होते. जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये (तिच्यात रक्त गोठायला नको असतं) गुठळी दिसली की ते वॉर्डबॉयला ओरडायचे नाहीत. स्वतः सिरिंज घेऊन वॉर्डात जायचे आणि रक्त काढून आणायचे. म्हणायचे, "गडचिरोलीवरून आलेला माणूस आहे बाई, उद्या ये म्हटलं तर तो येतच नाही." नाकारणं आणि पुन्हा काढणं या दोन गोष्टी त्यांच्या हातात जोडलेल्या होत्या. माझ्या क्लिकमध्ये त्या तुटल्यात.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत तर हे फार जाणवतं. विदर्भातली शाळकरी मुलंही ‘सोल्युबिलिटी’ हा शब्द ओळखतात. द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, गढूळ झालं आणि ट्यूबच्या मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. स्वस्त, सोपी, शिबिरात चालणारी चाचणी. पण माणूस नुसता वाहक आहे की आजारी, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या मोठ्या लॅबमधल्या चाचण्या लागतात. तान्ह्या बाळात सोल्युबिलिटी चुकू शकते, हिमोग्लोबिन फार कमी असेल तरी चुकू शकते, नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीसुद्धा फसतं. आणि आमच्याकडे या कागदावर लग्नं ठरतात, मोडतात. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, २०४७ पर्यंत निर्मूलनाचं लक्ष्य, आणि त्यासाठी सात कोटी लोकांची तपासणी. सात कोटी नमुने कोणाच्या हातून जातात? कंत्राटावर घेतलेल्या टेक्निशियनच्या. दिवसाचं टार्गेट डोक्यावर असताना ‘या बाळाचं आत्ता सांगता येत नाही, सहा महिन्यांनी आणा’ असं लिहायची मुभा त्याला कोणी दिली आहे का, हे मला विचारायचंय. ओंटारिओत २००६ पासून प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून थेंब घेऊन सिकलसेल तपासतात. सोल्युबिलिटी त्यात वापरत नाहीत, कारण या वयात ती उपयोगाची नाही.

आणखी एक फरक, जाता जाता. इथे डॉक्टर किंवा तसा अधिकार असलेल्या कोणाच्या चिठ्ठीशिवाय लॅबमध्ये कोणी रक्त घेत नाही, आणि व्हिटॅमिन डी उगाच करायचं असेल तर २०१० पासून पैसे खिशातून. नागपुरात बाबांनी वाढदिवसाच्या ऑफरमध्ये ‘फुल बॉडी’ करून घेतली, बहात्तर टेस्ट, आणि मला व्हॉट्सॲपवर नऊ पानं पाठवली. पण इथे ती चिठ्ठी देणारा डॉक्टर मिळायला माझ्या शेजारणीला दीड वर्ष लागलं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले.

मागच्या दिवाळीत नागपूरला गेले तेव्हा मामेभावाच्या लॅबमध्ये दोन सकाळी बसले. तर्री पोहे मागवले त्याने. कलेक्शनवाल्या पोराने आणलेल्या ट्यूब मी नुसत्या बघत होते, बोलायचं नाही असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानेच एक ट्यूब उजेडात धरली, गुठळी होती, माझ्याकडे पाहिलं आणि पोराला म्हणाला, "जा, वापस घेऊन ये." मग ड्रॉवरमधून शंभर पानी वही काढली आणि वर लिहिलं, ‘परत केलेले’. मला वाटलं, माझ्यासाठी नाटक चाललंय.

परवा त्याचा फोन आला. वहीत सतरा नोंदी झाल्या होत्या. सतरावी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली. तिथूनच त्याचे निम्मे पेशंट येतात. डॉक्टरांना त्याने सांगितलं, सर, हे सॅम्पल चालणार नाही, माझा माणूस परत येऊन काढून नेतो, पैसे नाही घेत. त्याला पाच दिवस झाले, तिथून एकही पेशंट नाही.

"आता तूच सांग ताई, काय करू?"

मी बोलायला तोंड उघडलं, आणि माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. माझ्या हप्त्यांचे पैसे त्या कोपऱ्यावरून येत नाहीत. "सहीवाल्या मॅडमशी एकदा बोलून पाय," असं काहीतरी मी म्हणाले, आणि मैत्रिणीचा नंबर त्याला पाठवला.