कुठल्या पुस्तकात मरावं

पुस्तकांची क्रमवारी लावताना लोक भाषा बघतात, कथानक बघतात, अगदीच काही नाही तर मुखपृष्ठ बघतात. 'फायटिंग फॅन्टसी' मालिकेला असले निकष लावून भागत नाही. तिथं एकच बघायचं, आपण मरतो कसे. मरतो हे नक्की असतं. पुस्तकाचा नायक वाचकच, तलवार वाचकाच्या हातात, आणि साहस इथंच आटोपल्याची बातमीही थेट वाचकालाच कळवतात. त्यामुळे मरण न्यायाचं आलं की अन्यायाचं, आणि मेल्यावर पुन्हा पहिल्या पानावर जावंसं वाटलं की पुस्तक माळ्यावर टाकावंसं वाटलं, यावर मी नंबर ठरवतो.

हे नंबर मला भाच्यानं लावायला लावले. तो बंगळूरला असतो आणि मे महिन्यात आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी येतो. "मामा, ब्यागेत जागा नाही. एकच पुस्तक न्हेणार. नंबर एक कुठलं ते सांग." कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडून मी ही पुस्तकं किलोच्या भावानं उचलली होती. तेव्हा त्यांची परीक्षा द्यावी लागेल असं वाटलं नव्हतं.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८२ साली स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन या दोघा इंग्रजांनी 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' लिहिलं. पफिननं ते छापलं आणि १९९५ पर्यंत मालिकेची ५९ पुस्तकं निघाली. गोष्टीचे साधारण चारशे तुकडे करायचे, त्यांना क्रमांक द्यायचे आणि सगळे विस्कटून छापायचे. पहिल्या पुस्तकात गुहेत शिरल्या शिरल्या विचारतात, पश्चिमेला जायचं तर ७१ वर जा, पूर्वेला जायचं तर २७८ वर. दोन फासे, पेन्सिल आणि खोडरबर जवळ पाहिजे. खोडरबर जास्त लागतो.

सुरुवातीला फासे टाकून स्वतःचं भांडवल ठरवायचं. एका फाशात सहा मिळवले की कौशल्य, दोन फाशांत बारा मिळवले की दम, आणि परत एका फाशात सहा मिळवले की नशीब. कौशल्य ७ आलं आणि समोर १२ वाला उभा ठाकला, तर दर फेरीला त्याच्यावर वार बसण्याची शक्यता १२९६ पैकी ७० भरते. मी हिशेब करून बघितलाय. अशा वेळी दम कितीही असला तरी तो फक्त मार खायच्या कामाला येतो.

नशिबाची तऱ्हा आणखी वेगळी. दोन फाशांची बेरीज नशिबाच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली तर वाचलात. पण वाचलात काय अन् मेलात काय, नशीब एकानं उतरतंच. आकडा ७ असेल तर ३६ पैकी २१ वेळा तरता, ६ ला १५ वेळा, ५ ला फक्त १० वेळा. हे आज्जीला समजावून सांगितलं तर तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. "नशिबाला सारखं सारखं इचारू नये, हे मी कवाधरनं सांगालोय," म्हणाली. फाशांबद्दल मात्र तिचं मत वाईट होतं. फाशांपायी पांडवांचं काय झालं ते तिनं मला द्रौपदीपर्यंत सविस्तर ऐकवलं. आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, संध्याकाळी फासे खुळखुळतात ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, आणि आजपर्यंत कधी न आलेले दोन गृहस्थ 'काय, बसायचं काय?' म्हणून चौकशीला आले. सोप्यात आज्जी बसलेली बघून आल्या पावली गेले.

तर सोपा. ही पुस्तकं एकट्यानं वाचायची असतात हे लेखकांनी प्रस्तावनेत ठळक लिहायला पाहिजे होतं. आमच्याकडं सगळं घर जमतं आणि मतदान होतं. भाचा प्रत्येक ठिकाणी तलवार काढतो. बायको बंद दार उघडू देत नाही, कारण आत काय असेल ते नंतर तिलाच झाडावं लागणार असा तिचा अनुभव आहे. शेजारचे काका कारकून म्हणून रिटायर झालेत. त्यांनी पहिल्याच दिवशी पुस्तक उलटं धरून ४०० नंबरचा, म्हणजे शेवटचा परिच्छेद काढला. "आधी मंजुरी बघून घेऊ, मग फाईल कुठनं कुठं फिरवायची ते ठरवू." आणि आज्जी कुठल्याही वळणावर, कुठल्याही राक्षसासमोर एकच मत देते, परत फिरा.

भाच्याचं आणखी एक तंत्र आहे. कुठलाही निर्णय घेताना तो आधीच्या पानात बोट अडकवून ठेवतो, म्हणजे मेलं तर मागं येता येतं. अंगठा गुहेच्या तोंडाशी, तर्जनी पुलावर, मधलं बोट त्या थेरड्या जादूगाराकडं, करंगळी कशात होती ते त्यालाही आठवेना. तेवढ्यात बायकोनं चहा आणला. पोरगं पाच ठिकाणी जिवंत होतं आणि कप धरायला हात नव्हता. शेवटी आज्जीनं बशीतनं पाजला.

आता नंबर.

'स्टारशिप ट्रॅव्हलर' खालून दुसरं. अंतराळयान कृष्णविवरातून भलतीकडं जातं आणि घरी परतायचा रस्ता शोधायचा असतो. आपण कप्तान, त्यामुळं मरायला हाताखालची माणसं पुढं पाठवता येतात. काकांना हे फार आवडलं. मला नाही. 'स्कॉर्पियन स्वॉम्प' त्याच्या जरा वर. ते लिहिणारा स्टीव्ह जॅक्सन वेगळा, अमेरिकेतला. एकाच मालिकेत एकाच नावाचे दोन लेखक. आमच्या गल्लीत टपाल वाटणाऱ्याला याचं काही वाटणार नाही, त्याच्या पिशवीत रोज पाटलांचा गठ्ठा असतो.

सगळ्यात खाली 'फॉरेस्ट ऑफ डूम'. बुटक्यांच्या राजाचा हातोडा जंगलात हरवलाय, मुंडकं एकीकडं आणि दांडा दुसरीकडं. दोन्ही शोधून पलीकडच्या गावी न्यायचे. इथवर ठीक आहे. पण जंगल पार झालं आणि वस्तू मिळाल्या नाहीत, तर लेखक मारत नाही. वळसा घालून परत या आणि पुन्हा पहिल्यापासून शोधा म्हणतो. ज्या पुस्तकात चुकून चुकूनही सुटका होत नाही त्याला मी मार्क देत नाही. आज्जीला मात्र मालिकेतलं हे एकच पुस्तक शहाण्या माणसानं लिहिलेलं वाटतं.

'वॉरलॉक' चौथं. मान पहिलेपणाचा म्हणून, नाहीतर आणखी खाली गेलं असतं. नदीपर्यंतचा भाग लिव्हिंगस्टनचा आणि नदीपलीकडचा जॅक्सनचा, आणि जोड चांगला कळतो. नदी ओलांडली की चक्रव्यूह लागतो आणि त्यात माणूस नुसता वळत राहतो. त्यातून सुटून शेवटी जादूगाराला मारलं, खजिन्याच्या पेटीपाशी पोचलो, तर पेटीला कुलपं. वाटेत मिळालेल्या किल्ल्यांवर आकडे असतात, त्यांची बेरीज करून त्या नंबरवर जायचं. किल्ल्याच मिळाल्या नसतील तर? पेटीवर बसून रडायचं. तसं लिहिलंयच पुस्तकात. जादूगार मेलेला, खजिना बुडाखाली, आणि वर रडणारा विजेता. हा प्रसंग एवढा चांगला आहे की पुस्तकाला तिसरा नंबर द्यायचा मोह झाला होता, पण चक्रव्यूह आठवला.

तिसरं 'डेथट्रॅप डन्जन', १९८४ चं. बॅरन सुकुमवित नावाचा सरदार एक भुयार बांधतो आणि जो जिवंत बाहेर येईल त्याला १०,००० सोन्याची नाणी देतो. नावं लिव्हिंगस्टननं थायलंडहून उचललीत. सरदाराच्या गावाचं नाव फँग, आणि त्या नावाचं खरं गाव उत्तर थायलंडात आहे. सुखुमवित हा तर बँकॉकमधला रस्ता. भुयारात पाचू, नीलम, हिरा अशी रत्नं गोळा करावी लागतात आणि एखादं राहिलं तर शेवटच्या दाराशी पोचून मरण येतं. अन्याय आहे, पण सरदारानं तो जाहीर करून केलाय. शिवाय आपण आपल्या पायानं गेलो.

हे पुस्तक मी दुसऱ्या रेल्वे गेटवर वाचतो. टिळकवाडीत कामाला जाणाऱ्या माणसाला गेट बंद मिळणार हे नशीब न आजमावताही कळतं. माझ्या प्रतीत प्रत्येक पानाच्या तळाला फाशांची चित्रं छापलेली आहेत. भुर्रकन पानं उडवायची आणि थांबेल ते दान धरायचं, म्हणजे स्कूटरवर बसून खेळता येतं. त्या दिवशी मालगाडी होती. मी एका अवाढव्य मूर्तीच्या खांद्यावर चढलो होतो. तिचे डोळे रत्नांचे. डावा उचकटायचा की उजवा? मांडीवर पुस्तक ठेवून विचार करत होतो, तर मागच्या बाइकवरचा माणूस वाकून वाचत होता हे कानाशी आवाज आल्यावर कळलं. "उजवा काढा की ओ." त्याच्या शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी काय चाललंय ते विचारलं. त्यानं कन्नडमध्ये सांगितलं. मूर्तीचे डोळे काढायला निघालाय म्हटल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि "बेडा, बेडा," म्हणजे नको, नको म्हणाल्या. पाठोपाठ रिक्षावाल्यानं डाव्याला मत दिलं. मालगाडीचे डबे संपायच्या आत वाद दोन रांगांत पसरला. मग गेट उघडलं, मागून हॉर्न सुरू झाले, आणि मी मूर्तीला डोळ्यांसकट तिथंच सोडून निघालो. एका डोळ्यात विषारी वायू आहे. कुठल्या, ते भाच्यासाठी लिहीत नाही.

दुसऱ्या नंबरवर 'हाउस ऑफ हेल'. यात तलवारबिलवार नाही. वादळी रात्री मोटार खड्ड्यात जाते, दूर एका वाड्यात दिवा दिसतो, फोन करावा म्हणून माणूस दार वाजवतो. बाकीच्या पुस्तकांत माणूस घाव लागून मरतो, इथं भीतीचा आकडा आहे. दचकलात की तो वाढतो आणि मर्यादेला टेकला की माणूस भिऊन मरतो. हे पुस्तक बेळगावात जुलैतच वाचायला पाहिजे. पाऊस मुक्कामाला आलेला असतो, कौलांवर आवाज असा की आपलंच वाचलेलं आपल्याला ऐकू येत नाही, आणि करंट गेलेला असतोच. मेणबत्ती लावून मी वाचत होतो. वाड्याचा मालक पाहुण्याला जेवायला बसवतो इथवर आलो, तर काका अंधारातून म्हणाले, "ओळख ना पाळख अन् जेवायला घालतोय? जमिनीचं काम असणार." आज्जी म्हणाली, "गाडीतच निजायचं हुतं की." बायकोनं विचारलं की एवढ्या चिखलातनं गेलेला माणूस बाहेर पाय धुऊन आत गेला असं कुठं लिहिलंय का. त्यानंतर भीतीचा आकडा काही वाढेना. पुढं एकटा असताना वाचलं, तेव्हा वाढला.

'क्रिएचर ऑफ हॅवॉक' मी क्रमवारीत धरत नाही. त्यात आपणच राक्षस असतो. सुरुवातीला आपण काय करायचं ते आपल्या हातात नसतं, फासे ठरवतात, आणि लोक बोलतात ते अगम्य भाषेत. ४६० परिच्छेद आहेत. घरातलं कुणी अजून पार गेलेलं नाही, आणि जिथं मतदानच होऊ देत नाहीत तिथं आमच्या सोप्याला रस राहिला नाही.

आणि पहिलं 'सिटी ऑफ थीव्ज'. पोर्ट ब्लॅकसँड नावाचं बदमाशांचं शहर. वेशीवरच शिपाई अडवतो, काय काम आहे विचारतो, आणि उत्तर काय द्यायचं ते आपण ठरवायचं. परगावचे वाचक इथं घुटमळत असतील. आमच्या भागातला माणूस घुटमळत नाही. कुठल्याही खिडकीशी उभं राहिलं की कन्नडमध्ये सुरुवात करायची, मराठीत करायची की हिंदीत करून दोघांनाही बरोबरीनं अवघडून टाकायचं, हे त्याला टेबलामागचा चेहरा बघून ठरवायची सवय असते. काकांनी शिपायाचं वर्णन ऐकून चटकन उत्तर सांगितलं आणि आम्ही आत.

आत एक मांत्रिक भेटतो, निकोडेमस. पुलाखाली राहतो. दुष्ट झानबार बोनला मारायचं तर चांदीचा बाण, काळे मोती, चेटकिणीचे केस, कमळ असं सगळं जमवा म्हणतो, आणि वर कपाळावर पिवळ्या सूर्यात एकशिंगी घोडा गोंदवून घ्या म्हणतो. शहरभर हिंडून, मार खाऊन, पैसे मोजून सगळं गोळा होतं. मग मागाहून त्याचा निरोप येतो. चूक झाली, मोती, केस आणि कमळ या तिन्हींतले दोनच मिसळायचे असतात. कुठले दोन, ते निरोपात नाही. मी वाचायचा थांबलो. सोप्यात शांतता होती. काकांच्या चेहऱ्यावर मात्र कौतुक मावत नव्हतं. "हा माणूस," ते म्हणाले, "खात्यातला असणार." आयुष्यभर लोकांना मूळ प्रत, झेरॉक्स आणि फोटो तिन्ही आणायला सांगून नंतर दोनच लागतात म्हणणाऱ्याला सातासमुद्रापलीकडं कुणीतरी ओळखलं होतं. या पुस्तकात मरण येतं ते शेवटी, सगळी कागदपत्रं हातात असताना. याहून न्यायाचं मरण मला माहीत नाही.

गोंदवण्याची अट मात्र घरात वादाची झाली. आज्जीच्या कपाळावर लहानपणीचं गोंदण आहे, तिला त्यात काही अवघड वाटलं नाही. "घोडा नको, तुळस काढा म्हणावं," एवढंच तिचं म्हणणं.

भाचा निघायच्या दिवशी नंबर एकचं पुस्तक काढायला गेलो तर ते काकांकडं. मागितलं तर मिळेना. ते घरी एकटे बसून निकोडेमसचे सगळे परिच्छेद वेगळ्या वहीत उतरवून काढत होते आणि त्यांना घाईची सवय नव्हती. 'हाउस ऑफ हेल' रात्रीच्या गाडीत नको, असं बहिणीनं फोनवरून बजावलं. 'डेथट्रॅप' मला गेटवर लागतं. उरलं 'फॉरेस्ट ऑफ डूम'. पोरगं तोंड वाकडं करून ते घेऊन राणी चन्नम्मा एक्स्प्रेसला बसलं.

धारवाडहून फोन आला. स्पीकरवर टाकला. "मामा, मुंडकं मिळालं, दांडा नाही. आता परत पहिल्यापासनं जंगलात."

"परत फिरलास न्हवं?" आज्जी फोनजवळ तोंड आणून म्हणाली. "बरं केलास. जेवलास काय?"