आत्याच्या म्हशीने खाल्लेली सफरचंदं

गेल्या आठवड्यात आत्याला बघायला घनसावंगीला गेलो. टायफॉइडमधून उठलीय, तोंडाला चव नाही, म्हणून जालन्याहून दीड किलो सफरचंदं नेली. चहा होईस्तोवर बघतो तर पिशवी रिकामी आणि गोठ्यात म्हैस निवांत चघळतेय. "इषारी हायत ती. तुझ्या भावानंच दाखवलं मोबाइलमधी." विषारी फळ माणसाला नको, म्हशीला चालतं, आणि तिच्याच दुधाचा चहा माझ्या हातात!

तो मेसेज नंतर माझ्याही तीन ग्रुपवर आला. थोडक्यात असा: नवी 'रोगप्रतिकारक' सफरचंदं प्रयोगशाळेत प्राण्यांचे जीन टाकून बनवतात, झाडातच विष असल्याने त्याला रोग-कीड लागत नाही, खाल्ली की माणसाची प्रतिकारशक्ती मरते, स्टिकरवर 8 ने सुरू होणारा पाच आकडी नंबर ही खूण, बियांत सायनाइड असतं, आणि हीच रोपं आता मराठवाड्यातही विकायला आलीत.

आधी प्राण्यांचे जीन. सफरचंदाचा मोठा वैरी म्हणजे स्कॅब, पानाफळावर काळपट खपल्या आणणारी बुरशी. 1973 मध्ये काश्मीरच्या बागांत तिची मोठी साथ आली होती. या बुरशीला दाद न देणारं एक रानटी झाड होतं, मॅलस फ्लोरिबुंडा. फळ बोराएवढं, आंबटढाण. 1914 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात क्रँडल नावाच्या संशोधकाने त्याचा रोम ब्यूटी या खायच्या सफरचंदाशी संकर केला. 1926 मध्ये त्यातल्या दोन झाडांचा पुन्हा आपसात संकर झाला. ही झाडं स्कॅबला पुरून उरतात हे नीट ध्यानात यायला 1940 चं दशक उजाडलं. मग पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉय या तीन विद्यापीठांनी मिळून काम उचललं, आणि प्राइमा हा त्यांचा पहिला वाण बाहेर पडला 1970 मध्ये. छप्पन्न वर्षं! जीन कापून जोडायचं तंत्र तोवर जन्मालाही आलेलं नव्हतं.

एवढा वेळ का, ते बागवाल्याला सांगायला नको. फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, वर पिशवी बांधायची. फळ आलं की त्यातल्या प्रत्येक बीचं झाड निराळं. कोय लावून केशरचा केशर येत नाही, तसंच. हजारो रोपांवर बुरशीचे बीजाणू फवारायचे आणि खपली धरेल ते रोप उपटून टाकायचं. उरलेली फळावर यायला आणखी काही वर्षं, आणि त्यातली बहुतेक आजोबांवर गेलेली, म्हणजे बारकी आणि आंबट. मग पुन्हा गोड वाणाशी संकर, पुन्हा तीच वाट. शेवटी एक झाड मनासारखं निघालं की त्याचे डोळे खुंटावर भरायचे, आपण रंगपूर लिंबावर मोसंबी भरतो तसे. या सगळ्यात प्राणी म्हणाल तर एक मधमाशी, आणि तिलाही पिशवी बांधून बाहेरच ठेवतात.

जीन बदललेलं सफरचंद जगात आहे, हे कबूल. अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झालेलं आर्क्टिक. पण त्याचा गुण कापल्यावर काळं न पडण्याचा. रोगाशी त्याचा संबंध नाही आणि प्राण्याशीही नाही. शिवाय आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मार्च 2021 पासून सफरचंदासह 24 पिकांच्या आयातीला 'जीन बदललेलं नाही' असं प्रमाणपत्र सक्तीचं केलंय.

झाडात विष? बुरशी पानात शिरली की हे झाड तिला ओळखतं आणि त्या जागच्या आपल्याच चार पेशी मारून टाकतं. बुरशीची वाट तिथेच खुंटते. तेही फक्त स्कॅबपुरतं, अळ्या येतातच. दमट हवेच्या देशांत स्कॅबसाठी हंगामाला पंधरा-वीस फवारण्या होतात, त्या कमी व्हाव्यात म्हणून तर हा खटाटोप. विषाला घाबरणाऱ्याने हीच फळं शोधून खायला हवीत. हां, ही ताकद कायमची नाही. स्कॅबला अडवणारा हा जीन भेदणारी बुरशी पुढे युरोपात सापडली. बीटी कापूस आणि गुलाबी बोंडअळीचं काय झालं ते आपण भोगलंय. मेसेजवाल्याने एवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

पण त्याने लिहिलं, प्रतिकारशक्ती मरते. अशक्त, तापातून उठलेल्या बाईने हे वाचून तोंडासमोरचं फळ म्हशीला घालावं, याचाच मला जास्त संताप आहे. जीन ज्वारीच्या भाकरीतही असतात आणि वरणातही. पोटात गेले की पचतात. रोज दोन वेळा पचतात.

स्टिकरचं म्हणाल तर 8 चा आकडा जीन बदललेल्या फळांसाठी राखून ठेवला होता, पण त्या अर्थाने दुकानात तो कधी वापरलाच गेला नाही. बियांचं अर्धं खरं आहे. त्यात अमिग्डालिन असतं, बी चावली की त्यातून सायनाइड सुटतं, आणि मूठभर बिया चावून खाल्ल्या तर त्रास होऊ शकतो. पण ते यच्चयावत सफरचंदांत असतं, आणि बिया चावून खातं कोण? मराठवाड्यात येणारी रोपं एचआरएमएन-99, ॲना वगैरेंची. त्यांना थंडी कमी लागते, हा त्यांचा मुख्य गुण. स्कॅबसाठी ती निवडलेली नाहीत. ती इथे परवडतील का हा वाद वेगळा, आणि तो मोसंबी उपटायच्या आधी घालावा.

काल आत्याला फोन केला. म्हटलं, मी आणलेली काश्मीरची डेलिशियस होती, जुनाच वाण. तिच्यावर स्कॅब खुशाल येतो.

"मंजी साधीच व्हती?"

"साधीच."

जरा वेळ गप्प. "मंग म्हशीला उगंच घातली की रे. आता येताना अजून आन. पर ते स्टिकर तेवढं काढून आन, तुझा भाऊ बघन."