3200 ची रॅम, 1200 ला

कॉम्प्युटरच्या नव्या रॅमच्या पाकिटावर तिचा वेग ठळक छापलेला होता: 3200. त्या आकड्याचे मी रोख पैसे मोजले आणि तेव्हापासून तो घसरतोच आहे.

पहिली घसरण पुण्याच्या तपकीर गल्लीत, दुकानातच झाली. बिल फाडून झाल्यावर दुकानदाराने विचारलं, "काका, प्रोसेसर कुठला?"

"आय फाइव्ह, 10400."

"बोर्ड?"

"एच 410."

"मग 2666 ला चालेल."

"मग 2666 चीच द्या की!"

"ती ठेवत नाही आता. हीच बसते त्यात."

रॅमने किती पळायचं हे रॅम ठरवत नाही, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर ठरवतो. पूर्वी हा कारभार मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपकडे असे. एएमडीने 2003 मध्ये आणि इंटेलने 2008 मध्ये तो प्रोसेसरच्या पोटात घेतला. माझ्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा 2666, आणि एच 410 बोर्ड त्याच्यापुढे एक पाऊल टाकू देत नाही. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "डीडीआर5 घ्या ना, 4800 पासूनच सुरू होते." ती पुढची पिढी, माझी डीडीआर4. पिना दोन्हींना 288 च, पण खाच वेगळ्या जागी. माझ्या बोर्डात ती हातोडीनेच बसली असती.

घरी हिंजवडीवाला भाचा आला. जुनी 8 जीबी होतीच, शेजारच्या स्लॉटमध्ये नवी 8 जीबी खट्‌कन बसवली. मग म्हणाला, "मामा, जुनी 2400 ची आहे रे. आता दोन्ही 2400 ला चालणार." का, तर दोघी एकत्र नांदायच्या म्हणजे मंद असेल तिच्या चालीने. दुसरी घसरण.

तिसरी त्याने सीपीयू-झेड हा आतले आकडे दाखवणारा प्रोग्रॅम उघडल्यावर. डीरॅम फ्रिक्वेन्सी: 1197. मी दुकानदाराचा नंबर शोधायला लागलो तेव्हा भाच्याने फोन काढून घेतला. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहितीची ने-आण. ठोके 1200, खेपा 2400. पाकिटावर खेपा छापतात आणि पुढे खुशाल मेगाहर्ट्झ लिहितात. जाताना भाडं आणि येतानाही भाडं घेणारी रिक्षा समज, म्हणाला. अशी रिक्षा परतीचं भाडं आपल्याकडूनच घेते एवढं मला ठाऊक होतं, त्यामुळे चटकन पटलं.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आले. आमच्या सोसायटीत कुणाच्याही घरात स्क्रू ड्रायव्हर निघाला की ते येतात. लाइट बिलाच्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला: 3200 ला सीएल, म्हणजे मागितलेली माहिती येईपर्यंतचे ठोके, 16; म्हणजे 10 नॅनोसेकंद. डीडीआर5 ची 6000 ची, सीएल 30, तीही 10 नॅनोसेकंद. "मग नवं काय केलं हो यांनी?"

"काका, एका वेळी माल जास्त येतो," भाचा म्हणाला.

"पण उशीर तेवढाच ना?"

"मग जुनी काढून टाकू?" मी मध्येच विचारलं. दोघेही माझ्यावर ओरडले. जुनी काढली तर 2666 मिळेल, पण ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही रॅमशी एकाच वेळी होणारी ने-आण, जाईल. 128 बिटांचा रस्ता 64 चा होईल. त्यांचं एकमत झालेला हा एकमेव मुद्दा.

"आता चालतोय ना नीट?" बायकोने आतून विचारलं. चालत होता. 8 चे 16 जीबी झाले होते, ब्राउझर कुंथत नव्हता, आणि हा फरक वेगाचा नसून जागेचा होता.

"मामा, तेव्हाच रॅमला पुढे पळू देणारा झेड 490 बोर्ड घेतला असतास ना, तर..." भाच्याने सुरुवात केली. मी खारीची अख्खी बरणी त्याच्यापुढे सरकवली.