सगळ्यात मागे

‘मी सायकल हळू चालवतो हे मला मान्य आहे, पण गाईड तर माझ्याही मागे होता.’ पाचपैकी तीन तारे.

हा अभिप्राय परवा ऑफिसने मला फॉरवर्ड केला. सोबत मजकूर काही नाही, नुसतं एक प्रश्नचिन्ह. लिहिणारे गृहस्थ पुण्याचे. आमच्या दापोली-गुहागर-गणपतीपुळे सायकल सहलीत प्रत्येक चढावर ते ‘फोटो काढायला’ उतरत. कोकणात चढ किती आहेत हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्यांच्या फोनमधले फोटो मोजायला सांगावेत.

आमच्या धंद्याची पद्धत अशी की एक पोरगा पुढे पळतो, सामानाची गाडी मागेपुढे करत राहते, आणि सगळ्यांत शेवटी गाईड, म्हणजे मी. शेवटचा माणूस थांबला की त्याने थांबायचं, पंक्चर काढायचं, पाणी द्यायचं, आणि ‘आता चढ संपलाच’ असं धडधडीत खोटं बोलायचं. तो ताशी सहाने चढला की आपणही सहाने. सहाच्या वेगात सायकल सरळ रेषेत ठेवून बघा एकदा. त्यापेक्षा तीसने पळणं सोपं. पण हे लिहायला त्या अभिप्रायाखाली जागाच नव्हती.

आणि तिसरा तारा तरी मिळाला कशाला, तर ‘दाभोळ जेट्टीवर भेटलेले आजोबा, सहलीतला सर्वोत्तम अनुभव’. या आजोबांबद्दल मला बोलायचं आहे.

दाभोळहून धोपाव्याला जायला फेरीबोट आहे. मध्ये वाशिष्ठीची खाडी. बोट नको असेल तर चिपळूणला वळसा घाला. बोट पलीकडे होती म्हणून आम्ही टपरीशेजारी सायकली टेकवल्या. बाकावर पांढरा लेंगा-शर्ट घातलेले एक आजोबा बसले होते. एसटीचे निवृत्त कंडक्टर, दापोली डेपो. हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं.

“हे सगळे तुमचेच?”

“हो, माझाच ग्रुप.”

“कुठून आणलेत?”

“पुणे-मुंबई. खेडपर्यंत रेल्वेने, तिथून गाडीने दापोली. पुढे सायकल.”

“म्हणजे गाडी आहे.”

“आहे ना. ती काय, सामानाची.”

आजोबांनी गाडीकडे पाहिलं, मग घामाने निथळणाऱ्या मंडळींकडे पाहिलं. “म्हणजे सामान गाडीत आणि माणसं सायकलवर. उलटं नाही ना झालं काही?”

“नाही, तेच तर ते करायला आलेत.”

“पैसे कोण कोणाला देतं?”

“ते आम्हाला.”

“कसले?”

“...सायकल चालवण्याचे.”

यावर त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत लावला. “आमची गाडी घाटात बंद पडायची तेव्हा पॅसेंजरना धक्का मारायला उतरवायचो. काय शिव्या घालायचे! ह्यांनी तर आधीच पैसे भरलेत.” मग एकदम आवाज खाली आणून, “रस्ता चुकतात होय हे?”

“नाही, रस्ता तसा एकच आहे.”

“मग तुम्ही काय करता?”

“मी गाईड आहे. मागे असतो.”

“मागे राहून रस्ता कसा दाखवता?”

आता यावर काय बोलणार. प्रथमोपचार, सुरक्षा, ट्यूब बदलणं वगैरे मी सांगायला लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. निकाल झाला होता. “कंडक्टर! तुम्ही कंडक्टर आहात. असं सरळ सांगायचं ना. घंटी कुठाय?”

माझ्या सायकलला घंटी नाही. हल्लीच्या असल्या सायकलींना ती येतच नाही. “कंडक्टर, आणि घंटी नाही!” हे त्यांनी शेजारच्या मावशींना, टपरीवाल्याला आणि बोटीसाठी थांबलेल्या डंपरच्या ड्रायव्हरला वेगवेगळं सांगितलं.

एव्हाना माझे पाहुणे भोवती जमले होते. मी म्हटलं, आता आपणही काही देऊ. अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थानात आला, आणि परत जायला जहाजात बसला ते याच दाभोळच्या बंदरात. हे मी प्रत्येक खेपेला सांगतो आणि प्रत्येक खेपेला कोणी ना कोणी ‘इथे नेटवर्क आहे का’ विचारतं. पण या वेळी आजोबा ऐकत होते. त्या हुरूपात मी पुढे सांगितलं, की त्याने विकायला एक घोडा आणला होता, तो जुन्नरच्या खानाने काढून घेतला...

“लगेज फाडलं नसणार,” आजोबा म्हणाले.

अख्खा ग्रुप खो खो हसला. मग काय, खुर्ची त्यांची. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली इथपासून सुरुवात झाली, आणि करंगळीएवढ्या तिकिटाला पंच नेमका कुठे मारायचा हे त्यांनी एका मॅडमच्या बोर्डिंग पासवर बोटांनी करून दाखवलं. निकितीन राहिला वाऱ्यावर. खाडीपलीकडच्या वीजप्रकल्पाचं माझ्या तोंडाशी आलं होतं, की एन्रॉनच्या ज्या कारखान्याला सगळा महाराष्ट्र ‘दाभोळ’ म्हणून ओळखतो तो दाभोळात नाहीच, समोर गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे. तेही आजोबांनीच सांगून टाकलं. वर, ‘तुमच्या कंडक्टरला विचारा’ म्हणून माझ्याकडे बोट.

बोट लागली. मी शिट्टी मारली. कोणी हललं नाही. आजोबांनी टपरीतला चमचा उचलून कठड्याच्या पाइपवर दोनदा हाणला, टण टण. सगळे उठून सायकली घेऊन चालू लागले.

तिकडे उतरल्यावर धोपाव्याचा चढ. जेट्टीवरून लगेच सुरू होतो, पाय गरम करायलाही वेळ देत नाही. पुण्याचे गृहस्थ पहिल्याच वळणावर फोटोला उतरले. समोर जांभ्या दगडाची दरड होती. तिचा फोटो काढला. दुसऱ्या वळणावर त्यांचं मागचं चाक बसलं. यांची सायकल स्वतःची, महागडी, तिच्या ट्यूबला तो बारीक, काडीसारखा प्रेस्टा वाल्व. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसतच नाही. त्यासाठी पितळेची एक एवढीशी टोपी लागते, ती मी गळ्यातल्या दोरीत ओवून ठेवतो. भर उन्हात मी टायरच्या आतून बोट फिरवत काटा शोधत होतो आणि हे वर उभे राहून बायकोला फोनवर सांगत होते, “अगं आजोबा काय भारी होते, तू हवी होतीस!” टोपी लावली, पंप मारला, हात काळे. “झालं?” एवढं विचारून ते निघाले. आणि मी? मी मागून. म्हणजे अभिप्रायात म्हटलंय ते खोटं नाही. त्या वेळी मी खरोखर त्यांच्या मागे होतो.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची गोष्ट अंतुले मुख्यमंत्री होते त्या काळापासून चालू आहे. खाड्यांवर पूल झाले की हे फेरीबोटींचे खोळंबे जातील म्हणतात. जेट्टीवर आयती मिळणारी अर्ध्या तासाची विश्रांतीही जाईल, आणि डंपर मात्र तेच, ऐंशीच्या वेगाने, कोपराला घासून. रस्ता रुंद झाला की सायकलवाल्याची पांढरी पट्टी कोणी आखत नाही, हा माझा अनुभव. पण आजोबांच्या जाचातून तेवढी सुटका होईल.

सहल संपली की टिपचं पाकीट फिरतं. या वेळी पाकीट ड्रायव्हरला मिळालं. त्याने शहाळी आणली होती, एसी लावून दिला होता, त्याचं ते मिळायलाच हवं. मी शेजारीच सायकलींचे पुढचे ब्रेक सोडवत उभा होतो. एका ताईंना माझी दया आली असावी. म्हणाल्या, “तुमचं बरंय हो. फुकट फिरायला मिळतं, वर पगार.”

पगार रोजावर आहे. दिवाळी ते होळी, त्यातही सहल असेल तेवढेच दिवस. पावसाळ्यात ऑफिस फक्त शुभेच्छा पाठवतं. आणि फिरण्याचं म्हणाल तर गुहागरचा समुद्र. संध्याकाळी सगळे पाण्यात असतात तेव्हा मी लॉजच्या मागच्या नळावर एकेक साखळी जुन्या टूथब्रशने घासत असतो, कारण वाळू आत राहिली तर सकाळी गिअर पडत नाहीत आणि तेही ‘गाईडची सायकल खराब’ म्हणून नोंदलं जातं. त्या नळापासून समुद्र दिसत नाही. आणि पाणी सातनंतर येतं.