घरी बसलेल्यांना साथीदार म्हणण्यापूर्वी

प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. लाइपझिग या पूर्व जर्मन शहरातल्या 1989 च्या मोर्च्यांवरच्या लेखात मी भित्र्यांची वकिली केली, असा तुमचा आक्षेप आहे. पूर्व जर्मनीतले लोक चाळीस वर्षं मुकाट बसले, कम्युनिस्ट राजवट आतून पोखरल्यावर रस्त्यावर उतरले, आणि हुकूमशाहीत गप्प राहणारा प्रत्येक जण तिचा साथीदारच असतो, असं तुम्ही लिहिलंय. मला हे पटत नाही.

मुकाट बसले, हेच मुळात खरं नाही. जून 1953 मध्ये पूर्व बर्लिनच्या बांधकाम मजुरांनी सुरू केलेला संप देशभर पसरला आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. किमान 55 माणसं मेली. तेव्हा विशीत असलेला माणूस 1989 मध्ये पन्नाशी ओलांडलेला होता आणि ते रणगाडे तो विसरला नव्हता. वर स्टासी या गुप्त पोलिसांची पाळत: दीड कोटीच्या वर लोकसंख्येच्या देशात सुमारे 91,000 पगारी नोकर, आणि त्याहून कितीतरी जास्त खबरे. शिक्षा दरवेळी तुरुंगाचीच नसे. बढती अडे, मुलांचा उच्च माध्यमिकचा प्रवेश नाकारला जाई. स्वतः मार खायला तयार असलेला बाप लेकीचं शिक्षण पणाला लावताना थबकतो. त्याला भ्याड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग आधी कोण आले? लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये 1982 पासून दर सोमवारी संध्याकाळी शांततेसाठी प्रार्थना होत असे. पुढे तिथे जमणाऱ्यांत देश सोडून जाण्यासाठी अर्ज केलेले बरेच जण होते. अर्ज केला की अनेकांची नोकरी जाई, म्हणजे गमावण्यासारखं त्यांच्याजवळ फारसं उरलेलंच नव्हतं. ‘आम्हाला बाहेर जायचंय’ ही त्यांची घोषणा. सप्टेंबर 1989 मध्ये हंगेरीने ऑस्ट्रियाकडची सीमा खुली केली, हजारो लोक त्या वाटेने निघून गेले, आणि मागे राहिलेल्यांतून उलट घोषणा उठली: ‘आम्ही इथेच राहणार!’ माझ्या मते खरं वळण हे. ज्यांचं घर, नोकरी, मुलंबाळं सगळं तिथेच होतं, ते आता बोलू लागले होते.

जागाही मदतीला आली. चर्च मध्यवस्तीत. कामावरून सुटलेला माणूस चौकात नुसता उभा राहू शके, पोलिसांनी हटकलंच तर ‘घरी चाललोय’ म्हणता येई. कडेला उभा राहून तो पाहत असे, आज किती जमलेत, ओळखीचं कोण आहे. कोणी शंभर जण बघून त्यांच्यात सामील होतो, कोणाला दहा हजार लागतात. तोवर दोघंही सारखेच गप्प दिसतात.

आणि राजवट पोखरली होती हे आपल्याला आज कळतं. 9 ऑक्टोबरच्या सोमवारी लाइपझिगमध्ये कोणाला ते ठाऊक नव्हतं. चारच महिन्यांपूर्वी बीजिंगमध्ये लष्कराने निदर्शकांना मारलं होतं आणि पूर्व जर्मनीच्या संसदेने चीन सरकारची पाठराखण केली होती. लाइपझिगच्या वृत्तपत्रात तीन दिवस आधी एका सशस्त्र कामगार पथकाच्या प्रमुखाचं पत्र छापून आलं: गरज पडली तर हातात शस्त्र घेऊन हे थांबवू. तरी त्या संध्याकाळी सुमारे 70,000 लोक चालले. गोळी सुटली नाही. पुढच्या सोमवारी आकडा लाखाच्या वर गेला. या दुसऱ्या सोमवारच्या माणसांना तुम्ही संधिसाधू म्हणाल. मला ती पहिल्या सोमवारच्या लोकांची कमाई वाटते.

तुम्ही आणीबाणीचंही उदाहरण दिलंत. तेव्हाही बहुतेक जण घरीच होते. पण मार्च 1977 मध्ये त्याच घरी बसलेल्यांनी रायबरेलीत इंदिरा गांधींना पाडलं, कारण मत गुप्त होतं. पूर्व जर्मनीत मतदानाच्या आडोशाला जाणंसुद्धा संशयास्पद ठरे. मे 1989 च्या स्थानिक निवडणुकीत सरकारने 98.85 टक्के पाठिंबा जाहीर केला. काही नागरिकांनी मोजणीला हजर राहून आकडे टिपले होते, म्हणून ती लबाडी उघड झाली.

साथीदार हा शब्द मी खबऱ्यांसाठी राखून ठेवेन. 1992 पासून लोकांना स्वतःच्या फायली पाहता येऊ लागल्या, आणि आपल्यावर अहवाल लिहिणारा आपलाच मित्र किंवा सहकारी होता, हे अनेकांना तेव्हा समजलं. त्या अहवाल लिहिणाऱ्यांबद्दल तुमचं-माझं मत वेगळं नाही.